पातळ की टिकाऊ?

१९८१ साली अमेरिकेत ‘ऑसबॉर्न’ नावाचा संगणक विक्रीस आला. त्याचे वजन सुमारे ११ किलो होते. तरीही तो हाती धरून नेता येतो, याचेच लोकांना अप्रूप वाटले. आज दीड किलोहूनही हलके लॅपटॉप मिळतात. त्यांत एक प्रकार अत्यंत पातळ व देखणा, तर दुसरा काहीसा जाड व साधा. यांपैकी कोणता घ्यावा?

पातळ यंत्राने खांद्यावरचा भार कमी होतो. गावोगाव हिंडणाऱ्या वार्ताहराला हा गुण मोलाचाच वाटेल. परंतु हा सडपातळपणा साधण्यासाठी पुष्कळदा मेमरीच्या चिप्स मदरबोर्डवरच डाग देऊन पक्क्या केलेल्या असतात. पुढे काम वाढले, तरी मेमरी वाढविता येत नाही.

जाड यंत्राची गोष्ट बहुधा निराळी असते. कारागीर खालचे झाकण उघडून मेमरी वाढवितो, मंद हार्ड डिस्क काढून चपळ एसएसडी बसवितो आणि थकलेले यंत्र पुन्हा तरतरीत होते.

ज्या घरात काटकसरीने एकच लॅपटॉप यावयाचा आणि ताईनंतर धाकट्या भावाने त्यावरच शिकावयाचे, तेथे हा दुसरा प्रकारच श्रेयस्कर होय. म्हणून ‘हा किती पातळ आहे?’ या प्रश्नाआधी ‘हा उघडून दुरुस्त करता येतो काय?’ असे दुकानदारास विचारावे. नव्या वस्तूची नवलाई चार दिवसांची. तिची उपयुक्तता मात्र वर्षानुवर्षे सोबत करते.