अण्णांचा विलायती कोट

गेल्या वर्षी जूनअखेर आम्ही उभयता युरोपात जाऊन आलो, ही गोष्ट या सदराच्या वाचकांना मी अद्याप सांगितलेली नाही. याचे श्रेय माझ्या संयमाला द्यावे. परदेशी जाऊन आलेला प्राध्यापक आणि नुकताच नातू झालेला गृहस्थ हे दोघे समोरून येताना दिसले की शहाणी माणसे रस्ता ओलांडतात, हे मी जाणून आहे. पण दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो, आणि मला जे सांगायचे आहे ते तसे युरोपविषयी नाहीच. ते एका कोटाविषयी आहे.

माझा भाचा मिलानला नोकरी करतो. त्याच्याकडे मुक्काम, आणि जाताना तीन दिवस लंडन, दोन दिवस पॅरिस, अशी आमची आखणी होती. निघण्याच्या आदल्या रात्री अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला खोलीत बोलावले आणि हातात एक पाकीट ठेवले. आत पंचवीस हजार रुपये होते. अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षे झाली. या माणसाने कुणाकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. जेवताना मीठ हवे असले तरी ते स्वतः उठून घेतात.

"मला एक कोट आण तिकडचा," ते म्हणाले. "निळा आण. डिसेंबरात नातीचं लग्न आहे."

"अण्णा, इथंच शिवू की. चांगलं कापड घेऊ."

"इथला आहे मला."

होता खरा. १९७६ साली स्वतःच्या लग्नाच्या वेळी सीताबर्डीवरच्या एका शिंप्याकडे शिवलेला करडा कोट. त्याच एका कोटावर त्यांनी बहिणींची लग्ने लावली, आम्हा भावंडांची लावली आणि सेवानिवृत्तीचा हारही घालून घेतला. मग हळूच त्यांनी दुसरी हकीकत सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते टपाल कचेरीत खिडकीमागे बसत, तेव्हा विलायतेहून शिकून आलेले एक बॅरिस्टर रजिस्टर पत्रे टाकायला येत. त्यांच्या कोटाच्या खांद्यावर एक सुरकुती नसे. "मी पावती फाडायचो आणि त्या खांद्याकडे पाहायचो," अण्णा म्हणाले. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा तो खांदा त्यांच्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

मी तो करडा कोट पलंगावर पसरला, टेपने छाती, खांदा, बाही, उंची मोजली, आकडे एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी त्याच पाकिटात घातली. माझ्या हातून झालेली चूक इथेच झाली, पण ती कळायला मला मिलानपर्यंत जाऊन परत यावे लागले.

लंडनला लोक राणीचा वाडा पाहतात. मी सौभाग्यवतींना घेऊन गेलो ती सॅव्हिल रो नावाची गल्ली पाहायला. गल्ली आपल्या इतवारीतल्या एखाद्या बोळाहून फार लांब नसेल, मात्र शांतता देवळातली. पदपथाच्या कठड्याशी उभे राहून खाली वाकले की तळघराच्या खिडक्यांतून कारागीर मान खाली घालून टाके घालताना दिसतात. हेन्री पूल या पेढीची स्थापना १८०६ सालची, म्हणजे तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. इथे कोट 'मिळत' नाही. तो सांगावा लागतो. गिऱ्हाइकाने एखादे कापड 'हे माझे' असे बोलून ठेवले म्हणजे ते 'बिस्पोक' झाले, असे तिथले शिंपी या शब्दाचे मूळ सांगतात. मग त्याच्या एकट्याच्या अंगाचा कागदी नमुना कापायचा, कच्ची शिलाई घालून दोन-तीन ट्रायली घ्यायच्या, आणि निदान पन्नास तास हाताचे काम करायचे. यंत्रावर कापलेल्या सुटाला 'बिस्पोक' म्हणता येते की नाही, यावर तिथे भांडण झाले आणि २००८ साली जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या मंडळाने 'म्हणता येते' असा कौल दिला. शिंप्यांना तो अजून पटलेला नाही. एका शब्दासाठी इतके भांडणारे लोक मला, मराठीचा अध्यापक म्हणून, एकदम जवळचे वाटले.

सुटाची किंमत पाच हजार पौंडांच्या पुढे. आपले पाच-सहा लाख रुपये. मी दाराकडे पाऊल टाकताच सौभाग्यवतींनी माझी बाही धरली. "अहो, नुसतं विचारायचेही पैसे घेतील!"

तिथून चार पावलांवर बाँड स्ट्रीट आहे. १८८८ साली अठरा वर्षांचा एक काठेवाडी तरुण बॅरिस्टर व्हायला लंडनला आला, तो उतरताना पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यात, सप्टेंबरअखेर. तसे कपडे घातलेला तो एकटाच. मुंबईला शिवलेले कपडे तिथे शोभत नाहीत असे वाटून त्याने आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समधून नवे घेतले, एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, आणि याच बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. हे सारे त्याने पुढे आत्मकथेत स्वतःच, हातचे काही न राखता लिहिले आहे. तोच मनुष्य १९३६ पासून आमच्या नागपूरहून दोन तासांच्या वाटेवर, सेवाग्रामला, पंचा नेसून राहिला. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला तो लंडनला पुन्हा गेला, तेव्हा पंचातच गेला. आणि त्याच परिषदेत त्याच्या समोर सुटाबुटात बसले होते डॉक्टर आंबेडकर.

आमच्याकडे या दोघांच्या कपड्यांवरून कुणी कुणाला उणे ठरवू लागले की मी गप्प बसतो. एकाला कोट उतरवून गरिबाच्या जवळ जायचे होते. दुसऱ्याला ज्यांच्या अंगावर धड कपडा कुणी राहू दिला नव्हता, त्यांच्या वतीने कोट घालून उभे राहायचे होते. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कोट आणि टंकलेखनयंत्र जपून ठेवले आहे. मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एक मुलगा त्या कोटापुढे बराच वेळ उभा राहिला आणि निघताना त्याने आपल्या सदऱ्याचे वरचे बटण लावले. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर मात्र बाबासाहेब आले ते पांढऱ्या रेशमी धोतरात आणि पांढऱ्या कोटात.

पॅरिसविषयी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे पाऊस होता. प्लास व्हाँदोम चौकात १८३८ सालापासूनचे शार्व्हे नावाचे सदऱ्यांचे दुकान आहे. ते काचेतून पाहिले. मोतीलाल नेहरूंचे कपडे पॅरिसला धुवायला जात, ही आपल्याकडची आवडती दंतकथा. जवाहरलालजींनी आत्मचरित्रात ती खोटी असल्याचे सांगून टाकले आहे, तरी ती काही मरत नाही.

मिलानला भाचा स्थानकावर आला होता. "मामा, अगदी वेळेवर आलात. परवापासून सेल." इटलीत वर्षातून दोनदाच मोठी सूट असते, जानेवारीच्या आरंभी आणि जुलैच्या आरंभी. एरवी ज्या दुकानासमोरून चालतानाही खिसा सांभाळावा लागतो, तिथे त्या दिवसांत निदान आत शिरता येते. माँतेनापोलेओने रस्त्यावर आम्ही शिरलो आणि तितक्याच लवकर बाहेर आलो. मग भाच्याने ती प्रसिद्ध काचेच्या छताची गॅलरी दाखवली. तिचा शिल्पकार मेंगोनी १८७७ च्या ३० डिसेंबरला तिच्याच परांचीवरून पडून गेला. मला आठवले, त्याच वर्षाच्या १ जानेवारीला आमच्या नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. तोवर हिंगणघाटचा आणि वऱ्हाडचा कापूस जहाजात बसून लँकेशायरला जाई आणि कापड होऊन परत येई. ती मिल बंद पडूनही आता वर्षे लोटली. गॅलरी झगझगत उभी आहे.

खरेदी अखेर झाली ती एका आडरस्त्यावरच्या दुकानात. भाच्याच्या कचेरीतला एक नेपल्सकडचा मित्र बरोबर होता. त्याने मला तासाभरात जे शिकवले ते मी इथे फुकट देतो, कारण परदेशी जाणारे चिरंजीव पुष्कळांच्या घरी आहेत. कोटाचा खालचा पुढचा पल्ला दोन बोटांत चिमटीत धरून कापड आणि अस्तर वेगळे ओढावे. मध्ये तिसरा थर मोकळा हलताना लागला तर आत खरा कॅनव्हास आहे. नाही लागला तर कापडाला आतून चिकटवले आहे, आणि काही वर्षांनी नागपूरच्या उन्हाळ्यात तिथे पापडासारखे फुगे येतील. कापडावर 'सुपर १००', 'सुपर १५०' असे आकडे असतात. तो लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आकडा, टिकाऊपणाचा नव्हे. शंभराचा तंतू १८.७५ मायक्रॉनपेक्षा जाड नसावा, दीडशेचा १६.२५ पेक्षा. म्हणजे आकडा जितका मोठा तितके कापड नाजूक, आणि रोजच्या वापराला शंभर-एकशेवीस पुरे. इटालियन माप म्हणजे छातीच्या निम्मे सेंटिमीटर. पन्नास नंबर म्हणजे शंभर सेंटिमीटर, आपली चाळीस इंचांची छाती. शेवटी तो म्हणाला की इंग्रजांचा कोट थंडीसाठी असतो, आमचा उन्हासाठी. नेपल्सचे शिंपी खांद्यात भरण घालत नाहीत, अस्तरही अर्धेच लावतात, आणि बाही सदऱ्याच्या बाहीसारखी बसवतात. पंचेचाळीस अंशांत राहणाऱ्या आम्हा लोकांनी इंग्रजांऐवजी नेपल्सच्या शिंप्यांचे राज्य का मागून घेतले नाही, कोण जाणे.

निळा, पातळ लोकरीचा, पन्नास नंबरचा कोट. चारशेवीस युरोंवर रेघ मारून दोनशेसाठ केलेले. युरो साधारण शंभर रुपयांचा, तेव्हा अण्णांच्या पाकिटात माझे थोडे पडले. चिठ्ठीवरचे आकडे टेपशी जुळले. खांद्यावर सुरकुती नव्हती. सत्तर युरोंवरच्या खरेदीचा कर परदेशी पाहुण्याला परत मिळतो, त्यासाठी विमानतळावर रांगेत उभे राहून कोट आणि पावती दाखवावी लागली. बावीस टक्क्यांतले मधल्या मंडळींनी आपला वाटा कापून हाती तीसेक युरो दिले. त्याची सौभाग्यवतींनी चॉकलेटे घेतली. इंग्रजांनी ही सवलत २०२१ पासून बंदच केली आहे, हेही जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

घरी आल्यावर अण्णांनी आधी हात धुतले, मग कोट घेतला. घातला. आणि आम्ही सगळे गप्प झालो. पुढचा पल्ला गुडघ्याकडे लोंबत होता, मागचा वर उचलला गेला होता, आणि मानेशी कॉलर अंगठाभर दूर उभी होती. "छान आहे," अण्णा म्हणाले. तेव्हा मला दिसले की अण्णांच्या पाठीला पोक आले आहे. रोज सकाळी ज्यांच्यासमोर बसून मी चहा घेतो त्यांच्या पाठीला पोक आले होते, आणि मी माप घेतले होते १९७६ सालच्या माणसाचे.

महालातल्या एका गल्लीत जुने शिंपी आहेत. दुसऱ्या दिवशी दोन्ही कोट आणि अण्णा असे आम्ही तिथे गेलो. शिंप्याने इटलीचे लेबल पाहिलेच नाही. चिमटी घेऊन "कॅनव्हास हाये," एवढे म्हणाला, मग आतली शिवण उलटून मान हलवली. "माया नाही सोडली न जी यायनं."

शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्याकडे माया म्हणतात. वर्गात मी या शब्दाचे चार-पाच अर्थ मुलांना सांगतो, पण हा कधी सांगितला नव्हता. सॅव्हिल रोचे शिंपी ती भरपूर ठेवतात, कारण गिऱ्हाईक वाढणार, वाकणार, हे त्यांनी धरलेलेच असते. तयार कोटात ती फारशी नसते.

"काकाजी, आरशापुढे उभे राहा."

अण्णा आरशापुढे गेले, आणि सगळी ताकद लावून ताठ झाले. कोट सुरेख बसला. कॉलर मानेला लागली, पल्ले सारखे झाले. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले.

"असे किती वेळ राहाल?" शिंपी म्हणाला.

"लग्न लागेपर्यंत राहीन."

"तसं नका करू. घरी बसता तसे उभे राहा."

अण्णांनी श्वास सोडला आणि पाठ हळूहळू आपल्या जागी गेली. शिंप्याने खांद्याशी टाचण्या लावल्या. मागे कापड वाढवता येत नव्हते, म्हणून खांदा उसवून पुढची बाजू वर उचलायची, असा त्याचा बेत. मग त्याने करडा कोट घेतला, पाठीची शिवण उघडली, आणि आतून दोन बोटे रुंद माया निघाली. आतल्या कापडाचा रंग बाहेरच्याहून गडद, नवाकोरा, त्याला जवळजवळ पन्नास वर्षे उजेड लागला नव्हता. सीताबर्डीचा तो शिंपी केव्हाच गेला. अण्णांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला. दोन्ही कोटांचे मिळून शिंप्याने सहाशे रुपये घेतले.

लग्न अमरावतीला झाले. फोटोत अण्णा निळ्या कोटात आहेत, आणि खांद्याला सुरकुती नाही, निदान फोटोत तरी नाही. रात्री परतताना गाडीत गारवा वाढला, तेव्हा त्यांनी पिशवीतून करडा काढून अंगात घातला आणि नागपूर येईपर्यंत झोपले.

मी तो फोटो भाच्याला पाठवला. त्याने लगेच कळवले की जानेवारीत पुन्हा सेल आहे, आजोबांना आणखी एक घेऊ का? मी अण्णांना विचारले.

"घेऊ दे," ते म्हणाले. "माप पाठव त्याला. पण या वेळी माझं."