हुदहुद पाहिलात का?

मुलांना पक्षी दाखवायचे असतील तर मार्च लागताच बाहेर पडावे. या दिवसांत पळस, पांगारा, सावर यांची पाने गळून फांद्यांवर नुसती फुले असतात. पानच नाही म्हटल्यावर पक्षी लपणार कुठे? फुलांतल्या रसासाठी मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर एकाच झाडावर येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या पळसमैनांचे थवेही दिसतात. हिवाळा आपल्याकडे काढून त्या विणीसाठी मध्य आशियाकडे निघालेल्या असतात.

सध्या रमजानही याच सुमारास येतो. सहेरी आणि फजरसाठी घर जागे असतेच. एखाद्या रविवारी मुलांना पुन्हा अंथरुणात शिरू न देता तासभर बाहेर न्या. पक्षी सर्वांत जास्त बोलतात ते उजाडल्यानंतरच्या दोन तासांत. ऊन चढले की तेही गप्प. रोजा असलेल्या मुलालाही तेवढे चालणे जड जात नाही. आपल्या शहरात हिमायत बाग आहे, दिल्ली गेटजवळचे सलीम अली सरोवर आहे; रस्त्याच्या कडेने पाहिले तरी बगळे, खंड्या, वारकरी ओळखता येतात. पूर्ण दिवस मोकळा असेल तर पैठणचा नाथसागर, जो 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे.

दुर्बीण नसली तरी चालते, वही मात्र हवी. माझा वर्गातला नियम असा की नाव आधी विचारायचे नाही. चिमणीपेक्षा मोठा की कावळ्यापेक्षा लहान, चोच कशी, कोणत्या झाडावर होता, काय करत होता, हे लिहायचे. नाव मोठ्यांनी सांगून टाकले की मुले पाहायचे थांबतात.

मग नावांची गंमत सुरू होते. उर्दू शाळेतल्या मुलांना सुलेमान अलैहिस्सलाम यांचा हुदहुद माहीत असतो, पण तोच पक्षी इथल्या गवतात लांब चोच खुपसून किडे शोधतो हे माहीत नसते. एका मुलाला तर तो फक्त अरबस्तानात असतो असे वाटत होते. मराठीत त्याला हुदहुद्या म्हणतात हे सांगितल्यावर वर्ग हसला. बुलबुल, कोतवाल ही नावे तर दोन्ही भाषांत एकच. कोयल गाते असे गाण्यांतून ऐकलेले असते. प्रत्यक्षात कुहू-कुहू करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. मादी तपकिरी, ठिपक्यांची.

बयाचेही तसेच. मराठीत तिला सुगरण म्हणतात, पण घरटे विणतो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो, मादीने पसंत केले तर पुरे करतो, आणि मग दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हे 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला सलीम अलींनी तासन्‌तास बसून पाहिले. ज्यांच्या नावाचे सरोवर आपण रोज ओलांडतो, ते हेच. जन्म मुंबईचा, 12 नोव्हेंबर 1896. आईवडील लहानपणीच गेले, मामा अमीरुद्दीन तैय्यबजी यांनी वाढवले. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनी रागावून विषय संपवला नाही, मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी कपाटांचे कप्पे उघडून शेकडो पक्षी दाखवले. पुढे 1931-32 मध्ये सलीम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातले पक्षी नोंदवले, आणि आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. मला या गोष्टीत त्या मामांचे मोल जास्त वाटते.

आता एक अवघड गोष्ट. मागच्या वर्षी सहावीतल्या मुलीने यादी लिहिताना विचारले, “मिस, आमच्या घरचा मिठ्ठू लिहू का?” वर्गात वाद झाला. कोणी म्हणे लिही, कोणी म्हणे तो जंगली नाही. मीच सांगितले की तो जंगलीच आहे, पकडून आणलेला. आपल्या देशी पोपटाला पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बाजारातले लव्ह बर्ड्स परदेशी, त्यांचे नियम वेगळे. पण मिठ्ठूची पिल्ले याच वसंतात ढोलीतून काढली जातात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात.

मुलगी घरी जाऊन बोलली. दुसऱ्या दिवशी तिची दादी शाळेत आली, जरा नाराजच. मिठ्ठू नऊ वर्षांचा, दादीच्या हातून खाणारा. सोडून द्या असे मी म्हटले नाही. पंख छाटलेला, माणसाळलेला पोपट असाच उडवला तर कावळे, मांजरे त्याला दोन दिवसही जगू देत नाहीत. वनविभागाला विचारून त्यांच्या सल्ल्याने करा, आणि यानंतर दुसरा आणू नका, एवढेच म्हटले. दादी म्हणाल्या, “पहिलं जमेल का ते बघते, दुसरं मात्र नक्की.”

मुलीने यादीत मिठ्ठू लिहिला नाही. गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवायला लागली आहे. दोन बोटे खोल, रोज बदललेले, मांजराला उडी मारता येणार नाही अशा जागी. आतापर्यंत तिच्या वहीत सात नावे झाली आहेत. आठवा पक्षी तिला ओळखता येत नाही, आणि मी अजून सांगितलेला नाही.