पट्टा बांधा, पण चाला

जयपूरच्या पोस्टिंगवर पाहुणे येतात ते किल्ले बघायला. माझी आई आली ती पोक घेऊन. वय 71, मणक्यात बारीक फ्रॅक्चर, डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 च्याही खाली. म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी टेलर ब्रेस दिला. आई तो घट्ट आवळून दिवसभर खुर्चीत. म्हणे, आता पाठ सरळ आहे ना!

पट्ट्याने हाड भरत नाही. तो मणक्याला पुढे झुकू देत नाही, दुखणं कमी करतो, आणि तेवढ्या सवलतीत चालून घ्यायचं असतं. हाडाला भार लागतो. शिवाय कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि डॉक्टरांचं औषध.

याच शहरात 1968 मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. तो लावून माणूस उकिडवा बसतो, अनवाणी शेतात जातो. साधन माणसाला कामाला लावतं की खुर्चीत बसवतं, एवढंच मी बघतो. आई आता पट्टा बांधून सकाळी क्वार्टर्सच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारते, कुरकुरत का होईना.

आमच्यातली काही पोरंही हल्ली मोबाईलवर वाकून वाकून पाठ दुखली की पोश्चर बेल्ट मागवतात. त्यांना मी म्हणतो, काढ तो आणि ग्राउंडवर ये.