संशय आणि काचपट्टी: भुसावळच्या प्रवाशाला कोणता पुरावा लागू होता?

१/ १८९७ च्या प्लेग-तपासणीचे समर्थन आजही एकाच वाक्यात केले जाते: ‘त्या काळी खात्री करण्याचे साधनच नव्हते.’ हा दावा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/ रॉबर्ट कॉखने १८७७ मध्येच जीवाणूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. द्रवाचा अतिशय पातळ थर काचेवर पसरून तो वाळवायचा आणि मग ॲनिलीन रंगाने रंगवायचा, ही त्याची रीत. निळ्या रंगातले जंतू तत्कालीन फोटोच्या काचांवर फिके उमटत, म्हणून छायाचित्रासाठी त्याने तपकिरी रंग निवडला. हाताने काढलेल्या चित्रात काढणाऱ्याचे मत मिसळते. त्याला प्रकाशाची साक्ष हवी होती.

३/ १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिनने प्लेगच्या गाठीतील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासून जंतू ओळखला. रंगवल्यावर या जंतूची दोन्ही टोके गडद दिसतात.

४/ तरीही १८९७ च्या साथरोग कायद्याने रेल्वे प्रवाशाला विलग करण्यासाठी तपासणी अधिकाऱ्याचा ‘संशय’ पुरेसा मानला. मुंबईहून येणारा लोहमार्ग जेथे नागपूर व इटारसीकडे फुटतो, त्या भुसावळलाही कायदा हाच.

५/ प्रत्येक स्थानकावर सूक्ष्मदर्शक ठेवणे अशक्य होते, हे मान्य. परंतु संशयानंतर खात्री करावी, एवढे तरी कायद्यात लिहिता आले असते. साधन उपलब्ध होते. रयतेला पुरावा दाखवण्याची गरज मात्र सत्तेला वाटली नाही.