शोभेची वस्तू नाही ती!

परवा एका डायव्हर मित्राने माझा जुना दोन नळ्यांचा रेग्युलेटर पाहिला आणि म्हणाला, "भिंतीवर लाव, छान दिसेल." डोकंच फिरलं! अरे, कुस्तो आणि गान्यान यांनी १९४३ मध्ये केलेल्या अ‍ॅक्वा-लंगच्या घराण्यातलं यंत्र ते, मोरपीस नव्हे.

"धोकादायक" म्हणे. कशात, ते तरी सांगा! कडक झालेलं रबर तसंच वापरलंत तर आहेच धोका. मी पडदा, नळ्या, झडपा बदलल्या, आधी स्विमिंग पूलमध्ये तासन् तास काढले. पालथं पोहताना श्वास जड लागतो, कारण यंत्र पाठीवर, फुप्फुसांच्या वर, आणि तिथे पाण्याचा दाब कमी. उताणे झालात की हवा आपोआप वाहते. हा बिघाड नव्हे हो, भौतिकशास्त्र आहे! शिवाय बुडबुडे मानेमागे सुटतात, तोंडापुढे धबधबा नाही.

एक कबूल. मूळ यंत्रात जोडीदारासाठी दुसरं तोंड लावायला जागाच नाही. म्हणून मी वेगळी छोटी टाकी नेतो. (आई, वाचते आहेस ना?) भिंतीवर मित्राने स्वतःचं प्रमाणपत्र लावावं. त्यालाही बरेच दिवस पाणी लागलेलं नाही.