उंच चौथरा, भक्कम पाया

शाळेच्या स्नेहसंमेलनातील नाटकाला उंची हवीच असते. गडाचा बुरूज किंवा राजवाड्याची गच्ची सपाट जमिनीवर दाखविता येत नाही. मागच्या रांगेतील मुलालाही पात्रे दिसावीत, म्हणून रंगमंचावर आणखी एक चौथरा उभारतात. नाटकमंडळी त्याला ‘लेव्हल’ म्हणतात. ही उंची नाटकाची शोभा होय. परंतु तिच्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाचा जीव त्या शोभेहून मोलाचा आहे.

लातूर जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला व हजारो माणसे प्राणास मुकली. त्यांतील बहुतेकांचा बळी कोसळलेल्या घरांनी घेतला. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांतील दगड एकमेकांत नीट न गुंतलेले आणि माथ्यावर माळवदाचे जड ओझे! ती घरे वर्षानुवर्षे उभी होती, म्हणून ती भक्कमच वाटत. उभे असणे वेगळे आणि भक्कम असणे वेगळे.

नाटकाचा चौथरा लहान, पण न्याय तोच. चार बाके जोडून वर फळ्या टाकल्या, की काम झाले असे वाटते. तालमीत दोन मुले त्यावर शांत उभी राहतात; तो हलतही नाही. प्रयोगाच्या दिवशी मात्र दहा मावळे चढतात. प्रत्येकाचे वजन ३५ किलो धरले, तरी भार ३५० किलो झाला. ते एकदम उड्या मारू लागले, म्हणजे धक्का त्याहून कितीतरी अधिक. मग बाके सरकतात आणि फळ्यांत फट पडते.

चार काठ्यांची चौकट खिळ्यांनी जोडून पाहावी. जरा ढकलताच ती कलते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी पट्टी ठोकली, की तीच ताठ राहते. कारण त्रिकोण सहजासहजी आकार सोडीत नाही. म्हणून चौथऱ्याच्या पायांना तिरपे आधार हवेत, फळ्या पक्क्या ठोकलेल्या हव्यात. मागील कडेस कठडा, चढावयास पायऱ्या आणि दिवे मालवल्यावरही कड दिसावी म्हणून तिच्यावर पांढरी पट्टी असावी. बांधणी जाणत्या सुताराने करावी, मोठ्यांनी ती तपासावी. मगच मुलांनी वर चढावे.

एवढ्या नियमांनी नाटकाची मजा जाते, असे कोणी म्हणेल. खरे पाहता, पाय स्थिर असला तरच नट भूमिकेत रमतो. ज्याचे लक्ष डगमगत्या फळीकडे, त्याला शिवाजी महाराजांचा मावळा कसा साकारता येईल?

‘फळी हलते आहे’ असे सांगणाऱ्या मुलाला सोबती भित्रा म्हणून हसतात. वस्तुतः सगळे गप्प असताना खरे बोलावयास धैर्य लागते. त्याचे ऐकून पडदा थोडा उशिरा उघडला, तर प्रेक्षक क्षणभर कुरकुरतील, एवढेच. मोडलेली फळी पुन्हा ठोकता येते. गेलेला सोबती परत आणता येत नाही.