आकडा शास्त्रातला, तपासणी आपली



पर्युषणात इथे गोंदियात मुलांसाठी एक फलक लिहिला होता. त्यावर होती शीर्षप्रहेलिका, म्हणजे अनुयोगद्वार सूत्रात काळाच्या गणनेत येणारी शेवटची संख्या. मी सहज अंकांची बेरीज केली आणि म्हटलं, "यात काहीतरी चुकलंय." माझ्याहून मोठ्या एक ताई लगेच म्हणाल्या, "शास्त्रातला आकडा तपासायचा नसतो गं."

माझं मत उलट आहे. तपासायलाच हवा.

ही संख्या तयार कशी होते ते बघा. ८४ लाख वर्षांचं एक पूर्वांग. ८४ लाख पूर्वांगांचं एक पूर्व, म्हणजे ७० लाख ५६ हजार कोटी वर्षं. असं दर पायरीला ८४ लाखांनी गुणत गेलं की अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. ८४ लाखात पाच शून्यं, म्हणून शेवटी २८ × ५ = १४० शून्यं. त्यांच्या आधी ८४ चा २८ वेळा गुणाकार, तो असा :

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

हे ५४ अंक. शून्यं धरून एकूण १९४.

८४ ला ३ ने भाग जातो. म्हणून या गुणाकाराला ९ ने भाग जायलाच हवा आणि अंकांची बेरीजही नवाच्या पाढ्यात बसायला हवी. बरोबर संख्येची बेरीज २५२ येते, म्हणजे २८ नव्वे. फलकावरची आली २४६. मग एकेक अंक ताडून पाहिला, तेव्हा '९६६' मधला एक ६ गळलेला सापडला. शास्त्र बरोबरच होतं, उतरवून घेताना आपला हात चुकला होता. न तपासता मुलांनी तेच पाठ केलं असतं.

पण नवाच्या कसोटीवर सगळा भार टाकू नका. मी बी.कॉम.ला शिकले होते की तेरीज जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर दोन अंकांची अदलाबदल झाली आहे का ते आधी बघावं. अशी अदलाबदल अंकांच्या बेरजेत दिसत नाही. म्हणून मी जुन्या वहीत २८ वेळा गुणाकारच मांडला. तीन दुपारी गेल्या. सामायिकाइतकंच मन शांत झालं.

ज्योतिष्करंडकात हीच संख्या २५० अंकी आहे, कारण तिथे ८४ लाखांचा गुणाकार ३६ वेळा आहे. आचार्यांनी दोन्ही परंपरा जपल्या. त्यावरून आपण भांडायचं कारण नाही.

आणि एवढी मोठी असली तरी ही संख्या अनंत नाही, संख्यातच आहे. त्यापुढचा काळ शास्त्र पल्याच्या, म्हणजे धान्याच्या कोठीसारख्या खड्ड्याच्या उपमेने सांगतं. जिथे गणना संपते तिथे हात जोडावेत. त्याआधी जे मोजता येतं ते मोजावं. किराण्याचं बिल आपण तपासतोच ना? त्यात दुकानदाराचा अपमान नसतो.

आज नातवंडांना वही घेऊन बसवा. ८४ × ८४ = ७०५६, बेरीज १८. पुढचा गुणाकार त्यांना करू द्या.